परक्या मुलुखातले पहिले नव्वद दिवस

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस जवळ आले की आपल्या गावातल्या कितीतरी घरांत एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगा रियाधला किंवा दुबईला आहे, मग त्याचा फितरा इथे द्यायचा की तिथे? फितरा म्हणजे ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाला द्यायचे धान्य किंवा त्याची किंमत. उलेमांचे सर्वसाधारण सांगणे असे की, कमावत्या माणसाने तो जिथे आहे तिथे द्यावा. गावी जास्त गरजू असतील तर गावी पाठवायलाही हरकत नाही, हिशेब मात्र तिथल्या भावाने करावा. प्रश्न मिटतो. पण फोनवर हे बोलणे चालू असताना अम्मी हळूच दुसरेच विचारते, "आया क्या तेरा कार्ड?" मुलगा नवा असेल तर उत्तर येते, "नै अम्मी, अगले हफ्ते बोले."

हा लेख त्या कार्डाबद्दल आणि ते हातात येईपर्यंतच्या दिवसांबद्दल आहे. आखातात जाणारा म्हटले की आपल्याला एक तर हज-उमरा आठवतो, नाहीतर अत्तर, खजूर आणि दोरीने बांधलेली खोकी घेऊन परतणारा माणूस. मधला भाग फारसे कोणी सांगत नाही. परक्या देशात उतरल्यावर फोन, बँक, झोपायची जागा, किराणा, दवाखाना ही रोजची घडी शून्यापासून बसवायची कशी? वॉर्ड नंबर दोनमधला वेल्डर असो, बेलापूरचा ड्रायव्हर असो की नर्सिंग शिकून निघालेली हरेगाव भागातली मुलगी, या प्रश्नाला जात-धर्म नाही. विमानतळाबाहेरची रांग सगळ्यांना सारखीच असते.

आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही, पण एक काळ असा होता की कुवेत, बहरीन, कतार आणि दुबईच्या बाजारात आपला रुपया चालत असे. तिथले रोजचे चलनच ते होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्यांना 'गल्फ रुपया' म्हणत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन आणले. १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले तेव्हा बाकीच्यांनीही हा रुपया सोडायला घेतला. म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचा माणूस तेव्हा तिकडे गेला असता तर खिशातल्या पैशाने त्याने चहा घेतला असता. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, बांधकामे निघाली आणि माणसांची मागणी वाढली. आता रियालचा आणि दिरहमचा भाव गावात बसून रोज मोबाइलवर बघणारी माणसे आहेत. हे दोन्ही डॉलरला बांधलेले आहेत. एका डॉलरला ३.७५ रियाल, तर दिरहम साधारण ३.६७. त्यामुळे भाव वर-खाली होतो तो खरे तर आपल्या रुपयाचा.

नव्या देशातली घडी बसवायची सुरुवात तिकडे उतरल्यावर होते असे वाटते, पण ती गावातूनच होते आणि बिघडते तीही बहुतेक गावातच. ज्याची दहावी झालेली नाही, त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शेरा असतो. म्हणजे आखातातल्या सहाही देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी त्याला सरकारची परवानगी लागते. आपल्याकडे काही लोक याला अडथळा समजतात आणि तो शेरा चुकवायची वाट शोधतात. माझे मत उलटे आहे. त्या परवानगीच्या निमित्ताने पगार, कामाचे तास, राहण्याची सोय हे सगळे करारात लिहिलेले सरकारी 'ई-मायग्रेट' यंत्रणेत नोंदवले जाते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही तेही तिथेच बघता येते. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. आपल्या गल्लीत एजंटांना किती दिले जातात हे वाचकांना मी सांगायला नको.

हा पैसा कुठून येतो? आईच्या पाटल्या, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली भिशी, उसाच्या बिलावर उचललेले पैसे, नाहीतर सावकार. व्याज घेणे-देणे इस्लाममध्ये हराम आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि सोमवारी मुलाच्या व्हिसासाठी व्याजाने पैसे काढतो. मग पहिल्या काही महिन्यांचा पगार घरी येतो तो घरासाठी नसतोच. त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिथे नोकरीचा व्हिसा करून देऊ' हे आश्वासन. फिरायच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. असा माणूस पकडला गेला, आजारी पडला किंवा पगार बुडाला, तर तो तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्याच्यापाशी करार नाही, कार्ड नाही, विमाही नाही. ईसीआर पासपोर्टवर रीतसर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाखांचे संरक्षण. नगरला एसटीने जाऊन-येऊन वर एक जेवण घेतले तर जवळपास एवढाच खर्च होतो.

बॅग भरताना घरातल्या बायकांचा शब्द चालतो आणि इथे एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगतो. खसखस देऊ नका. आपल्या काळ्या मसाल्यात खसखस असते, शीरखुर्म्याच्या भाजून बांधलेल्या सामानात असते, दिवाळीच्या अनारशांवर तर ती वरून लावलेलीच असते. आपल्याला तो साधा किराणा वाटतो. पण सौदी अरब आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. प्रेमाने बांधून दिलेल्या पुडीपायी विमानतळावरून थेट कोठडीत जाण्याची वेळ येऊ शकते, आणि तिथल्या अधिकाऱ्याला 'आईने दिली' हे उत्तर पुरत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, मूळ वेष्टन हवे आणि काही औषधांना आधी परवानगीही घ्यावी लागते. तसेच कोणी शेजारी 'माझ्या भाच्याला एवढे पाकीट दे' म्हणाला, तर ते उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. शेजारी नाराज झाला तरी चालेल.

आता विमान उतरले. वैद्यकीय तपासणी मुंबईत झालेली असते, ती तिकडे पुन्हा होते. रक्त तपासतात, छातीचा एक्स-रे काढतात. बोटांचे ठसे घेतले जातात. सौदीत कामगाराचे ओळखपत्र म्हणजे 'इकामा'. तो काढून द्यायची जबाबदारी मालकाची आणि त्यासाठी मुदत आल्यापासून नव्वद दिवसांची. अमिरातीत 'एमिरेट्स आयडी', कतार, कुवेत, ओमान, बहरीन इथे नावे वेगळी, पण काम एकच. २०२२ पासून अमिरातीत पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर लावणेही बंद झाले. ते कार्ड हाच रहिवासाचा पुरावा.

हे कार्ड येईपर्यंत नवा माणूस एका विचित्र चक्रात सापडतो. स्वतःच्या नावावर कायमचे सिम हवे तर कार्ड पाहिजे आणि बोटाचा ठसा जुळला पाहिजे. बँकेत खाते हवे तर कार्ड पाहिजे आणि स्वतःच्या नावावरचा फोन नंबर पाहिजे. सौदीत तर सरकारी कामाचे 'अबशर' नावाचे ॲप आहे. इकाम्याची मुदत बघणे, गावी येण्याच्या परवानगीची स्थिती बघणे, दंड बघणे हे सगळे त्यात होते. त्याचा संकेतांकही फोनवरच येतो. म्हणजे फोनशिवाय बँक नाही, कार्डाशिवाय फोन नाही आणि कार्ड मालकाच्या हातात. आपल्याकडे आधार नसलेल्या म्हाताऱ्याची रेशन दुकानात जी गत होते, ती तिथे धडधाकट पंचविशीतल्या पोराची होते. विमानतळावर पासपोर्ट दाखवून तात्पुरते सिम मिळते, त्यावर काही दिवस निघतात. पण ज्याला हे माहीत नसते तो खोलीतल्या जुन्या माणसाच्या फोनवरून दोन मिनिटे बोलतो आणि घरी निरोप देतो की सगळे ठीक आहे.

दुबईला गेलेल्याच्या घरी पहिल्या आठवड्यात हमखास रडारड होते, ती आणखी एका कारणाने. मेसेज येतो, फोटो येतो, पण व्हॉट्सॲपवर कॉल काही लागत नाही. घरचे म्हणतात, काहीतरी झाले, पोरगा लपवतोय. खरे कारण साधे आहे. अमिरातीत व्हॉट्सॲपचे आवाजी आणि व्हिडिओ कॉल बंद ठेवलेले आहेत. तिथे परवानगी असलेली दुसरी ॲप वापरावी लागतात, त्यातले 'बोटिम' आपल्या लोकांत जास्त चालते. मुलगा निघण्याआधीच ते अम्मीच्या फोनमध्ये टाकून एकदा वापरून दाखवले, तर तो आठवडा सुखाचा जातो. वेळेचाही फरक लक्षात ठेवावा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी अडीच तास. आपल्याकडे पहाटे सहेरी आटोपून केलेला फोन तिकडे मध्यरात्री वाजतो, आणि तो पोरगा दिवसभर लोखंड वाकवून नुकताच आडवा झालेला असतो.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हा जुना रिवाज. 'हरवू नये म्हणून ठेवतो' असे गोड बोलून तो ठेवला जातो. सौदी आणि अमिराती दोन्हीकडच्या नियमांप्रमाणे मालकाला कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही. तरीही घडते. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि कराराचा फोटो एक घरी, एक स्वतःच्या फोनमध्ये आणि एक भावाच्या फोनमध्ये असावा. पगाराचे तसे नाही, तिथे व्यवस्था बरीच सुधारली. अमिरातीने २००९ मध्ये आणि सौदीने २०१३ मध्ये पगार बँकेमार्फतच देण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे किती दिला आणि कधी दिला याची नोंद सरकारकडे राहते. अडचण आलीच तर भारताच्या दूतावासात जाता येते. रियाध आणि अबुधाबीला दूतावास आहेत, जेद्दा आणि दुबईला वाणिज्य दूतावास. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या व्यवस्थेत घरच्यांनाही गावातून तक्रार नोंदवता येते. अडकलेल्यांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तिकीट, वकील, काही दिवसांचा निवारा यासाठी तो वापरला जातो. आपल्याकडे पुढाऱ्याच्या घरी चार चकरा होतात, पण या साध्या तक्रारीचा क्रमांक कोणी घेतलेला नसतो.

इथे मला मदिनेची एक गोष्ट सांगावीशी वाटते. हिजरत म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाणे. इसवी सन ६२२. मक्केहून आलेले मुहाजिर म्हणजे घर, दुकान, शेळ्या-उंट सगळे मागे टाकून आलेली माणसे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेतल्या एकेका माणसाला एकेका मुहाजिराचा भाऊ ठरवून दिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांचे भाऊ झाले साद बिन रबीअ, मदिनेतले श्रीमंत गृहस्थ. साद म्हणाले की माझी निम्मी मालमत्ता तुमची. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि एवढेच विचारले की इथला बाजार कुठे आहे, तो दाखवा. दुसऱ्या दिवसापासून ते बनू कैनुकाच्या बाजारात जाऊ लागले. सुकवलेले दही आणि तूप विकू लागले. काही दिवसांनी ते प्रेषितांसमोर आले तेव्हा अंगावर केशरी सुगंधाची खूण होती. लग्न केले होते, मेहर म्हणून खजुराच्या बीएवढे सोने दिले होते. प्रेषितांनी सांगितले, वलीमा करा, एका बकऱ्याचा का होईना.

या गोष्टीत साद यांचे औदार्य सगळेच सांगतात आणि ते आहेच तसे. मला नेहमी अब्दुर्रहमान यांचा प्रश्न जास्त खरा वाटतो. नव्या माणसाला निम्मे घर नको असते. बाजाराचा रस्ता, भावाची माहिती, कोणावर विश्वास ठेवावा याची खूण, आणि तिथे उभे राहायला कोणीतरी ओळखीचे, एवढे मिळाले की बाकीचे तो स्वतः बघतो. रियाधच्या बथा भागात किंवा दुबईच्या देरा-सतवा भागात आपल्या नगर-औरंगाबादकडचा एखादा जुना माणूस हेच करतो. तो नव्या पोराला पहिल्या शुक्रवारी सोबत नेतो आणि कोणत्या दुकानात आटा चांगला, कोणत्या काउंटरवर पैसे पाठवायला कमी कापतात, कोणत्या बसला कोणते कार्ड लागते हे दाखवतो. याचे त्याला कोणी पैसे देत नाही आणि त्याचे नाव कुठे छापूनही येत नाही.

राहणे बहुतेकांचे कंपनीच्या कॅम्पात, नाहीतर 'बेड स्पेस'वर. म्हणजे खोली भाड्याने घेत नाहीत, खाट घेतात. एका खोलीत खालीवर सहा-आठ खाटा, प्रत्येकाचे एक कपाट, स्वयंपाकाच्या पाळ्या. घरी ज्याने कधी चहाचा कप उचलून ठेवला नाही, तो तिथे वरण फोडणीला घालतो. त्याच्या आईला हे व्हिडिओवर दिसते तेव्हा तिला हसू येते आणि वाईटही वाटते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला 'बकाला' म्हणतात. तूरडाळ, ज्वारीचे पीठ, लोणचे सगळे मोठ्या दुकानांतून मिळते. तिकडे आपली माणसे इतकी आहेत की आपले खाणेही पोहोचले आहे. भिंतीतले प्लगचे खाचे इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे, म्हणून आपला चार्जर थेट बसत नाही. पाच-दहा रियालचा जोड घ्यावा लागतो. आणि दुधाच्या बाटल्यांच्या रांगेत नवीन माणूस हमखास फसतो. 'लबान' लिहिलेली पांढरी बाटली तो दूध म्हणून आणतो, चहात ओततो आणि चहा फाटतो. तिकडे लबान म्हणजे ताक. दुधाला 'हलीब' म्हणतात.

पत्ता ही आणखी एक गंमत. आपल्याकडे 'मेन रोडवरून आत, मशिदीसमोर, पिवळा दरवाजा' एवढ्यावर पोस्टमन येतो. सौदीत आता प्रत्येक इमारतीला चार अक्षरे आणि चार आकडे असा छोटा राष्ट्रीय पत्ता आहे, तो नोंदवल्याशिवाय बँकेची कामे अडतात. दुबईत इमारतीच्या दारावर दहा आकड्यांचा 'मकानी' क्रमांक असतो. रात्री छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर पिवळा दरवाजा उपयोगाचा नाही. नव्या माणसाने पहिल्या दिवशीच हा क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. ड्रायव्हर म्हणून गेलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. एमएच १७ वर पंधरा वर्षे ट्रक चालवलेला असला, तरी रहिवासी झाल्यावर तिथला परवाना काढावा लागतो. उजव्या बाजूने चालवायची सवय करायला हाताला आणि डोळ्याला वेळ लागतो, ते वेगळेच.

इथल्या बँकेकडे मात्र फार लोक दुर्लक्ष करतात. नोकरीसाठी परदेशी गेला की गावातले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यायचे असते. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खाते वेगळे. त्यावरच्या व्याजाला आपल्याकडे आयकर नाही, हा भाग मुसलमान व्याज नको म्हणून सोडून देतात, पण खाते तरी रीतसर असू द्यावे. 'हुंडीने पाठव, दोन पैसे जास्त मिळतात' हा सल्ला खोलीत कोणीतरी देतोच. हुंडीने पैसे पाठवणे आपल्या कायद्यात गुन्हा आहे, आणि पैसे बुडाले तर पावती नाही. बापाच्या ऑपरेशनचे पैसे असे अडकलेले मी ऐकले आहेत. नावे सांगत नाही, घर ओळखीचे निघेल.

पहिला रमजान तिकडे पडला तर नव्या माणसाची अर्धी काळजी मिटते. सौदीत मुसलमान कामगाराला रमजानमध्ये दिवसाला सहा तासांहून जास्त काम देता येत नाही. अमिरातीत सगळ्यांचेच, मुसलमान असो वा नसो, दोन तास कमी होतात. संध्याकाळी मशिदींबाहेर तंबू पडतात, लांब सुपरे अंथरली जातात. खजूर, पाणी, लबान, समोसे, भात आणि कोंबडी. तिथे कार्ड कोणी विचारत नाही. बंगाली, नेपाळी, मल्याळी, आपला मराठी पोरगा, सगळे मांडीला मांडी लावून बसतात. त्यात रोजा नसलेलेही असतात, त्यांनाही ताट मिळते. खिशात पगार नसलेल्या पहिल्या महिन्यात या सुपऱ्यावर किती जणांचे भागले असेल याची मोजदाद नाही. बिगरमुस्लिम वाचकांसाठी एवढे सांगतो की, दिवसा उघड्यावर खाणे-पिणे तिथे टाळावे लागते, सौदीत जास्त कडक. कामाच्या ठिकाणी आडोशाची जागा असते ती आधी विचारून घ्यावी. दुबईत बर दुबईचे जुने हिंदू मंदिर अनेक वर्षे होते, २०२२ मध्ये जेबेल अलीला नवे मोठे मंदिर उघडले आणि अबुधाबीजवळ फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वामिनारायण मंदिर झाले. जेबेल अलीच्याच परिसरात चर्च आणि गुरुद्वाराही आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कोणाला कुठे जायचे हा प्रश्न तिथे सुटलेला आहे.

जकातीचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. कुरआनमधील सूरह तौबामध्ये जकात कोणाला द्यावी याचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आहेत, कर्जात बुडालेला आहे आणि शेवटी 'इब्नुस्सबील' म्हणजे वाटसरू आहे. अर्थ असा की, घरी खाऊन-पिऊन सुखी असलेला माणूसही वाटेत अडकला, त्याच्या पैशापर्यंत त्याचा हात पोहोचत नसेल, तर तोही जकातीचा हक्कदार होतो. नव्वद दिवसांच्या चक्रात अडकलेला पोरगा याहून वेगळा कोण? आपल्या मोहल्ल्यांतल्या समित्या जकात गोळा करतात, विधवांना देतात, मुलांच्या फीला देतात. चांगलेच आहे. पण मालकाने सोडून दिलेल्या, परतीचे तिकीट नसलेल्या माणसाचे नाव त्या यादीत क्वचितच दिसते. आणि हा नियम दोन्ही बाजूंनी लागू आहे. आपल्या गावात तरावीह पढवायला बिहारहून आलेला हाफिज, साखर कारखान्याच्या हंगामात आलेला आणि उचल फेडून रिकाम्या हाताने परतणारा मजूर, बंगालमधून आलेला फरशीवाला, हेही वाटसरूच. त्यांनाही खोली भाड्याने देताना आपण दहा कागद मागतो.

हे गाव तसे आलेल्यांचेच. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे बेलापूर रोड म्हणून ते वाढले, स्टेशनच्या पाटीवर आजही बेलापूरच आहे. गुळाच्या बाजारपेठेने आणि साखर कारखान्यांनी माणसे ओढून आणली. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली, तेव्हा त्यांच्यासाठी हा नवा देशच होता. लिपी वेगळी, भाषा वेगळी, खिशात निर्वासित असल्याचा कागद. त्या पिढीने पाटीवर, हातगाडीवर माल विकून सुरुवात केली आणि आज मेन रोडवर त्यांच्या नातवंडांची दुकाने आहेत. रमजानच्या खरेदीला आपण त्याच दुकानांत जातो आणि भाव करताना तीनही भाषा मिसळतो.

ईदचा चांद तिकडे बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी होतो. त्यामुळे तिकडून पोरगा नमाज पढून नव्या कपड्यांत फोन करतो, तेव्हा इकडे घरात अजून शेवटचा रोजा चालू असतो. तिकडे रोजे सुरू करून मध्येच गावी आलेल्याचे कधी कधी ३१ रोजेही होतात. ईद मात्र गावाबरोबरच करायची. खोलीतले सहा-आठ जण मिळून शीरखुर्मा करतात, शेवया कोणी तरी गावाहून आणलेल्या असतात. दूध आणायला नव्या पोराला पाठवणार असाल, तर चिठ्ठीवर 'हलीब' असे स्पष्ट लिहून द्या.